रिपोर्टातले वजन आणि काट्यावरचे वजन

वस्तीत एखाद्या घरी नववा महिना लागला की आमच्याकडे हमखास एक प्लॅस्टिकची पिशवी येते. रेशनकार्डातले नाव, शाळेचा दाखला, वीजबिलातली चूक अशा कामांसाठी लोक आमच्याकडे येतातच. कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसाला सगळे इंग्रजी कागद वाचता येतात, अशी वस्तीची समजूत आहे. या पिशवीत रक्त-लघवीचे कागद, इंजेक्शनांच्या नोंदी, गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि सोनोग्राफीचे तीन-चार रिपोर्ट असतात. सोबत आलेली सासू किंवा आई शेवटच्या रिपोर्टावर बोट ठेवते आणि म्हणते, "भाऊ, बाळ लई मोठं झालंय म्हणत्यात. कळा आणायच्या, नाय आल्या तर सिझर. तुम्हीच बघा काय लिवलंय."

काय करावे हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. आम्ही बी.कॉम. झालो आहोत, डॉक्टर नाही. पण त्या कागदावरचा आकडा कुठून येतो, त्यावर किती विसंबावे आणि डॉक्टरांना काय विचारावे, एवढे सांगता येते. तेच आज सांगायचे आहे. कारण त्या एका आकड्यापायी घरात काय काय होते ते आम्ही पाहतो. नवरा पतपेढीत अर्ज टाकतो. कानातले गहाण पडते. आणि जिचे दिवस भरत आले ती पोरगी, 'एवढं मोठं मूल माझ्यातून बाहेर कसं येणार' या धास्तीने रात्र-रात्र जागी राहते.

पहिली गोष्ट ही की सोनोग्राफीच्या यंत्रात वजनकाटा नसतो. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. बाळ पोटात आहे, त्याला काट्यावर कोण ठेवणार? यंत्राला दिसतात ती मापे.

हे यंत्र मुळात बायकांच्या तपासणीसाठी जन्मलेलेच नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराजवळ रेन्फ्रू येथे बॅबकॉक अँड विल्कॉक्स नावाचा बॉयलर बनविणारा कारखाना होता. लोखंडी पत्र्यात, सांध्यात आत कुठे चीर आहे का, हे आवाजाच्या लहरी सोडून शोधण्याचे यंत्र तिथे वापरीत. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इयान डोनाल्ड १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून त्या कारखान्यात घेऊन गेले. लोखंडातली चीर दिसते, तर मांसातली गाठ दिसेल का, हे त्यांना पाहायचे होते. दिसली. तीन वर्षांनी, १९५८ मध्ये, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पोटातल्या गाठींची व गर्भाची चित्रे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. आमच्या वाचकांत गिरणीत, वर्कशॉपात जन्म घालविलेले पुष्कळ आहेत. त्यांना हा इतिहास ऐकून बरे वाटेल. बायांच्या दवाखान्यातले हे यंत्र बॉयलरच्या कारखान्यातून आले आहे.

पुढे यंत्रे सुधारली, तशी पोटातल्या बाळाची मापे घेता येऊ लागली. आज शेवटच्या महिन्यात साधारण चार मापे घेतात. रिपोर्टावर ती बी.पी.डी., एच.सी., ए.सी. आणि एफ.एल. अशी लिहिलेली असतात. पहिले डोक्याची रुंदी, दुसरे डोक्याचा घेर, तिसरे पोटाचा घेर आणि चौथे मांडीच्या हाडाची लांबी. अमेरिकेत टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथील डॉ. फ्रँक हॅडलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली या मापांवरून वजन काढण्याची सूत्रे मांडली. आपल्या गल्लीतल्या सोनोग्राफी सेंटरमधले यंत्रसुद्धा बहुतेक वेळा त्याच सूत्राने हिशेब करते. मापे भरली की यंत्र क्षणात आकडा छापते. कचेरीतल्या भाषेत सांगायचे तर हा अंदाजपत्रकातला आकडा आहे. ताळेबंदातला आकडा बाळ जन्मून काट्यावर ठेवले म्हणजे कळतो.

आता अंदाजपत्रक आणि ताळेबंद यांत फरक किती पडतो?

ज्या रिपोर्टाने घर हादरलेले असते तो रिपोर्ट नीट पाहावा. वजनाच्या आकड्यापुढे पुष्कळदा एक अधिक-उणेचे चिन्ह असते आणि त्यापुढे आणखी एक आकडा, चारशे-पाचशे ग्रॅमचा. तो कुणी वाचत नाही. लोक म्हणतात ते छपाईचे काही असेल. ते छपाईचे नाही. मोजणाऱ्याने दिलेली ती कबुली आहे की खरे वजन एवढ्याने वर किंवा खाली असू शकेल. शेवटच्या दिवसांतला अंदाज पुष्कळ बाळांच्या बाबतीत दहा टक्क्यांच्या आत येतो, पण पंधरा टक्क्यांपर्यंत चुकणे मुळीच नवलाचे नाही. हिशेब करून पाहू. रिपोर्टात ३ किलो ९०० ग्रॅम लिहिले आहे. पंधरा टक्के म्हणजे ५८५ ग्रॅम. म्हणजे बाळ ३ किलो ३०० ग्रॅमचे असू शकते आणि साडेचार किलोचेही असू शकते. एक नेहमीसारखे बाळ, दुसरे खरोखरच दांडगे. कागद मात्र दोघांचा एकच.

चूक का पडते? त्यात तपासणाऱ्याचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. चार मापांत पोटाच्या घेराला हिशेबात फार महत्त्व, आणि नेमके तेच मोजायला अवघड. बाळ अंग आवळून पडलेले असते, हलते, पाठ फिरवते. दिवस भरत आले की डोके ओटीपोटात उतरते, तेव्हा डोक्याचे मापही नीट मिळत नाही. पोटातले पाणी कमी झाले असेल किंवा आईच्या पोटावर चरबी जास्त असेल, तर चित्र धूसर येते. आणि मापे अगदी अचूक आली, तरी एकाच मापाच्या दोन बाळांचे वजन सारखे असत नाही. कुणाच्या अंगात चरबी जास्त, कुणाच्या कमी. बाजारात एकाच आकाराची दोन कलिंगडे काट्यावर ठेवून पाहावीत. त्यातून आणखी अडचण अशी, की बाळ जितके मोठे तितका अंदाज जास्त बिघडतो. म्हणजे जिथे आकड्याची सर्वांत जास्त गरज, तिथेच तो सर्वांत कच्चा.

हाताने पोट तपासून अनुभवी डॉक्टर किंवा नर्स जो अंदाज सांगतात, त्यापेक्षा दिवस भरलेल्या बाळाच्या बाबतीत यंत्र फारसे सरस ठरलेले नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच तसे लिहून ठेवले आहे. याहून गंमत म्हणजे १९९२ साली अमेरिकेतच एका पाहणीत, ज्यांना आधी मूल झालेले आहे अशा बायकांना प्रसूतीच्या वेळी विचारले, 'तुमचं हे बाळ किती वजनाचं असेल?' त्यांचा अंदाज डॉक्टरांच्या हाताच्या आणि यंत्राच्या अंदाजाच्या तोडीस तोड निघाला. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया सुनेच्या पोटाकडे पाहून "मागच्यापरीस हे थोरलं हाय" असे म्हणत, तेव्हा शिकलेले लोक हसत. यापुढे जरा कमी हसावे. पहिलटकरणीला मात्र हा आधार नाही, तिला तुलनेला काही नसते.

दुसरा घोळ तारखांचा. वस्तीत आम्ही तोच जास्त पाहतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. प्रत्येक रिपोर्टावर बाळंतपणाची तारीख छापलेली असते आणि दर वेळी ती बदलते. पहिल्या रिपोर्टात २० तारीख, शेवटच्या रिपोर्टात ८ तारीख. घरचे म्हणतात, 'तारीख उलटून चार दिवस झाले, अजून कळा नाहीत, काहीतरी बिघडलं.' बिघडलेले काही नसते. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळे जवळपास सारख्या गतीने वाढतात, म्हणून तेव्हाच्या मापावरून काढलेले दिवस फार तर आठवड्याने चुकतात. शेवटच्या तीन महिन्यांत मात्र कुणाचे बाळ आजोबांसारखे दांडगे, कुणाचे आईसारखे लहानखुरे. तेव्हाच्या मापावरून दिवस काढले तर तीन आठवड्यांपर्यंत फरक पडतो. यंत्र एवढेच म्हणते की एवढ्या अंगाचे बाळ सरासरीने इतक्या दिवसांचे असते. आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तर पोराची उंची बघून १ जून ही जन्मतारीख टाकून देत. शेवटच्या सोनोग्राफीतली तारीख ही त्याच जातीची. पाळीची तारीख आणि पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट यांवरून डॉक्टरांनी जी तारीख एकदा ठरवली, ती नंतरच्या रिपोर्टांनी बदलायची नसते. बाळ अंगाने थोडे मोठे असले की एकाच वेळी दोन भीती उभ्या राहतात, 'बाळ मोठं' आणि 'दिवस उलटले', आणि दोन्हींचा उगम एकाच मापात असतो. दोन साक्षीदार वाटतात, पण साक्षीदार एकच आहे.

बरे, बाळ खरोखरच मोठे असेल तर भीती कसली? मुख्य भीती खांद्याची. डोके बाहेर येते आणि खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडामागे अडकतो. मिनिटे मोजावी लागतात. बाळाच्या मानेजवळच्या शिरा ताणल्या गेल्या तर हात लुळा पडू शकतो. फार वेळ गेला तर मेंदूला इजा होते. ही भीती खोटी नाही. पण तिचे माप सांगितले पाहिजे. खांदा अडकण्याचे प्रसंग साधारण दीड-दोनशे बाळंतपणांत एकदा येतात. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या वेळा बाळ चार किलोच्या आतले असते, म्हणजे वजनाच्या आकड्याने ते आधी ओळखता आलेच नसते. आणि खांदा अडकला तरी बहुतेक वेळा आईचे दोन्ही गुडघे पोटाशी दाबून धरणे व वरून हलका दाब देणे यासारख्या उपायांनी सुटतो; त्यासाठी शिकलेली माणसे हजर असावी लागतात. बाळ कितीचे आहे याइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व आम्ही याला देऊ की रात्री दोन वाजता प्रसूतिगृहात कोण असते.

१९९६ साली अमेरिकेत काही डॉक्टरांनी एक हिशेब मांडला. मधुमेह नसलेल्या ज्या बायकांच्या बाळाचा अंदाज साडेचार किलोच्या वर आहे, त्या सर्वांचे सिझर केले, तर एका बाळाच्या हाताची कायमची इजा टाळण्यासाठी किती सिझर करावी लागतील? उत्तर आले ३,६९५. मधुमेह असलेल्या आयांत हाच आकडा ४४३. कारकून म्हणून आम्हाला हे दोन आकडे फार बोलके वाटतात. एकाच वजनाला आईच्या साखरेप्रमाणे वेगळा अर्थ येतो.

मग सिझर नको, पण बाळ आणखी वाढण्याआधी कळा आणल्या तर? हा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर मोठे प्रयोग झाले आहेत. फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि बेल्जियममधल्या रुग्णालयांत ८२२ बायकांवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांच्या कळा ३७ ते ३८ आठवड्यांच्या सुमारास औषधाने आणल्या, बाकीच्यांची वाट पाहिली. खांदा अडकून त्रास होण्यासारखे प्रसंग पहिल्या गटात शंभरात दोन, दुसऱ्या गटात सहा. सिझर वाढली नाहीत. पण कावीळ होऊन निळ्या दिव्याखाली ठेवावी लागलेली बाळे पहिल्या गटात शंभरात अकरा आणि दुसऱ्यात सात. कायमचा लुळेपणा दोन्ही गटांत कुणालाच आला नाही. त्यानंतर ब्रिटनमध्ये १०६ रुग्णालयांत २,८९३ बायकांवर याहून मोठा अभ्यास झाला; तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. ३८ आठवडे पूर्ण होताच कळा आणायच्या ठरलेल्या गटात खांदा अडकल्याची बाळे शंभरात २.३, वाट पाहायची ठरलेल्या गटात ३.१. हा फरक योगायोगानेही पडू शकतो असे अभ्यासकांनीच म्हटले आहे. मात्र ठरल्याप्रमाणे वागणूक मिळालेल्या बायकांचाच हिशेब केला तर फायदा थोडा स्पष्ट दिसतो. थोडक्यात, कळा आणणे हा मूर्खपणाही नाही आणि न आणणे हा निष्काळजीपणाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ च्या सूचनांत, केवळ बाळ मोठे वाटते म्हणून कळा आणण्याची शिफारस केलेली नाही. इतक्या मोठमोठ्या अभ्यासांत जिथे एवढाच फरक निघतो, तिथे 'आजच्या आज ॲडमिट व्हा, नाहीतर बाळाची जबाबदारी आमची नाही' असे कुणी म्हणाले, तर त्याला दुसरे कारण काय आहे हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

धास्तीचाही एक परिणाम असतो. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर तिघींत एकीला 'तुझं बाळ मोठं दिसतंय' असे सांगितले गेले होते. त्यांतल्या पाचपैकी सुमारे चौघींची बाळे प्रत्यक्षात चार किलोच्या आत भरली. पण ज्यांना असे सांगितले होते, त्यांच्या कळा औषधाने आणण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त होते.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग रिपोर्टाकडे पाहूच नये. तसे आम्ही म्हणत नाही. अधिक-उणेचे चिन्ह दोन्ही बाजूंनी चालते, आणि याचा दाखला पुन्हा त्या स्कॉटलंडातलाच आहे. ग्लासगोच्या शेजारी लॅनार्कशायर नावाचा जिल्हा आहे. १९९९ साली तिथे नादीन मॉन्टगोमेरी ही बाई बाळंत झाली. उंचीने लहान आणि मधुमेही. अशा आईच्या बाळाचा खांदा अडकण्याचा धोका शंभरात नऊ-दहा इतका असतो. तिने आपल्या बाळाच्या आकाराबद्दलची काळजी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा बोलून दाखवली होती. पण खांद्याच्या धोक्याविषयी तिला सांगितले गेले नाही. सांगितले तर बायका सिझर मागतील, असा डॉक्टरांचा विचार होता. त्या डॉक्टरांनी तिच्या बाबतीत सिझर सुचवण्याची मर्यादा ४ किलो धरली होती आणि सोनोग्राफीवरून अंदाज काढला तो ३ किलो ९०० ग्रॅम. अंदाज दहा टक्क्यांनी चुकू शकतो हे त्यांना माहीत होते, पण ते हिशेबात धरले नाही. औषधाने कळा आणल्या. बाळाचे डोके आले आणि खांदा अडकला. बाळ सुटायला बारा मिनिटे लागली. जन्मल्यावर वजन भरले ४ किलो २५० ग्रॅम. मुलाच्या मेंदूला इजा झाली, हाताच्या शिराही दुखावल्या. आईने खटला लढवला, खालच्या दोन न्यायालयांत हरली आणि ११ मार्च २०१५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकली. न्यायालयाने सांगितले की कुठल्या धोक्याला किती महत्त्व द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार त्या बाईचा आहे. म्हणून धोका आणि दुसरे मार्ग, दोन्ही तिला समजतील अशा भाषेत सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. सोळा वर्षे लागली.

शंभर ग्रॅमने हुकलेल्या त्या मर्यादेचा विचार आमच्या मनातून जात नाही. ३ किलो ९०० ला 'चालेल' आणि ४ किलोला 'चालणार नाही' असे म्हणणारा माणूस त्या आकड्यात नसलेला नेमकेपणा त्यात पाहतो. आमच्या कचेरीतही 'एक रुपयाने उत्पन्न जास्त' म्हणून अर्ज नाकारले जातात, पण तिथे निदान रुपया खरा असतो.

तेव्हा आईला साखर आहे का, हा पहिला प्रश्न. आईची साखर वाढली की बाळाच्या खांद्यावर-छातीवर चरबी चढते आणि त्याच वजनाच्या दुसऱ्या बाळापेक्षा त्याचा खांदा अडकण्याची शक्यता वाढते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा जास्त आले तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत सरकारी दवाखान्यातही होते. गोड पाणी पिऊन मळमळते म्हणून पुष्कळ बाया ती टाळतात. टाळू नये. नवव्या महिन्यातल्या वजनाच्या आकड्यापेक्षा सहाव्या महिन्यातला हा आकडा जास्त कामाचा आहे, आणि तेव्हा खाण्यापिण्यात बदल करायला वेळही असतो.

आपल्या घरांत मोठ्या बाळापेक्षा लहान बाळाची काळजी जास्त असते, हेही खरे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वजन नोंदलेल्या बाळांपैकी शंभरात अठरा अडीच किलोच्या आत होती. 'वाढ खुंटली' म्हणूनही कळा आणतात. अधिक-उणे तिथेही आहेच. पण तिथे डॉक्टर केवळ वजनावर थांबत नाहीत. नाळेतून रक्त कसे वाहते ते डॉपलरने पाहतात, पोटातले पाणी पाहतात, पंधरा दिवसांपूर्वीच्या मापाशी तुलना करतात. नाळेतला प्रवाह कमी झाला असेल तर थांबणे धोक्याचे असते. तिथे आमच्यासारख्या भाऊंचा सल्ला घेत बसू नये.

तसेच आईचे ब्लडप्रेशर वाढले असेल, पाणी गेले असेल, ४१ आठवडे पूर्ण झाले असतील, तर कळा आणण्याने आया आणि बाळे वाचतात. बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून रक्त गेले, डोके सणकून दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रिपोर्ट शोधत न बसता तडक रुग्णालय गाठावे.

मात्र साखर नाही, प्रेशर नाही, बाळ हलते आहे, पाणी ठीक आहे, आणि नुसता वजनाचा आकडा पुढे केला जात असेल, तर शांतपणे, आवाज न चढवता विचारावे. डॉक्टरसाहेब, वजन सोडून आणखी काही कारण आहे का? पिशवीचे तोंड मऊ झाले आहे का? (तोंड घट्ट असताना कळा आणल्या तर दिवस-दोन दिवस लागू शकतात. हे आधी माहीत नसले की, 'एवढं सलाईन लावलं तरी काही होईना' म्हणून घरचेच सिझर मागू लागतात.) हाताने तपासून तुम्हाला बाळ कितीचे वाटते? चार दिवस थांबलो तर काय होईल, न थांबलो तर काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आमच्या माहितीतल्या एका बाईला एका दवाखान्यात 'तुम्ही जास्त शिकलात वाटतं' असे ऐकावे लागले. ती सातवी शिकलेली. तिने उत्तर दिले, "शिकले नाय साहेब, पर पोट माझं हाय." पुढे तिला सगळे समजावून सांगितले गेले आणि तिने कळा आणायला स्वतःच होकार दिला. तिचा निर्णय आम्हाला योग्यच वाटला. विचारल्यानंतर होकार द्यायला कोण अडवते?

पैशाचाही विषय झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच पाहणीत देशभरात सरकारी रुग्णालयांत शंभरात १४ आणि खाजगी रुग्णालयांत शंभरात ४७ बाळंतपणे सिझरने झाल्याचे दिसते. खाजगीत गुंतागुंतीच्या केसेस जास्त जातात असे म्हणावे, तर वस्तीतला अनुभव उलटा आहे. अवघड झाले की तिथूनच मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवतात. सगळे डॉक्टर पैशासाठी करतात असे आम्ही म्हणणार नाही. खटल्याची भीती, रात्रीच्या वेळी माणसे नसणे, घरच्यांची घाई, हीही कारणे आहेत. पण कर्ज काढण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला एक दिवस नक्की असतो. आपले रिपोर्ट मागण्याचा आणि दुसरे मत घेण्याचा हक्क रुग्णाला आहे. महाराष्ट्रात २०२१ साली नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले आहे. दवाखान्यात गेल्यावर ती कुठे लावली आहे, लावली आहे का, हेही बघावे.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. त्याखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझरसुद्धा, औषधे, तपासण्या, रक्त आणि तिथले जेवण मोफत आहे. नेण्या-आणण्यासाठी १०२ क्रमांकाची गाडी आहे. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. दुसरे मत घ्यायला ही तारीख चांगली. सकाळी लवकर जावे, रांग मोठी असते. पिशवीत पहिल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट सर्वांत वर ठेवावा, डॉक्टर तोच आधी मागतात.